जुनी मोटार कुरकुरते तेव्हा

वसंत ऋतूतील व्याख्यानमालेत वक्त्याने वेदान्तावर बोलावे, इतिहासावर बोलावे, फार तर अर्थसंकल्पावर बोलावे, अशी आपली जुनी समजूत आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात ही प्रथा सुरू झाली, तेव्हा मोटार या देशात कोणी पाहिलीही नव्हती. तेव्हा मोटारीच्या पोटाखालच्या बुशांवर आणि सांध्यांवर बोलण्यासाठी कोणी या व्यासपीठावर उभा राहील, हे त्या मंडळींच्या स्वप्नातही आले नसेल. पण आत येताना मी बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांकडे पाहिले. त्यांतल्या पुष्कळशा वयस्कर आहेत. एक मारुती ८०० आहे, दोन-तीन ओम्नी आहेत, आणि कोणा हौशी गृहस्थाची एक जपून ठेवलेली पद्मिनीही आहे. म्हणजे विषय आपणांस अगदीच परका नाही.

शिवाय आपला रस्ता कोणता, हेही पाहिले पाहिजे. चांदणी चौक सोडला की भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड, माले असे करीत हा रस्ता मुळशीच्या जलाशयाच्या कडेने ताम्हिणीला जातो, आणि घाट उतरून विळ्यावरून माणगावला मुंबई-गोवा महामार्गास मिळतो. वाटेत चढ, उतार, वळणे आणि गावोगावचे गतिरोधक; त्यात सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस. चार महिने पाणी रस्त्यावरून वाहते, उरलेले आठ महिने त्या पाण्याने केलेले खड्डे आपण मोजतो. पौड रस्त्याच्याच बाजूला वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था आहे. मोटारीच्या नव्या भागांना तेथे प्रयोगशाळेत असंख्य हादरे देऊन पारखतात. जुन्या झालेल्या भागांची परीक्षा मात्र टेकडीच्या खालीच, म्हणजे या रस्त्यावर होते, आणि ती आपण सारे रोज फुकट घेत असतो.

आता गाडीच्या या भागाचे, ज्याला सस्पेन्शन म्हणतात त्याचे, काम काय? काम दुहेरी आणि थोडे परस्परविरोधी आहे. चाकाला रस्त्याशी घट्ट धरून ठेवायचे, आणि आत बसलेल्या माणसाला मात्र त्या रस्त्यापासून सोडवायचे. गाडीचे वजन स्प्रिंग तोलते. ट्रकला किंवा ओम्नीच्या मागच्या बाजूला पाटे असतात, मारुती ८०० ला गुंडाळीच्या स्प्रिंगा असतात, आणि जुन्या अँबॅसॅडरला पुढच्या बाजूस पीळ खाणारे पोलादी दांडे असत. रूपे निराळी, काम एकच. शॉकअ‍ॅब्सॉर्बर, ज्याला गॅरेजात सरसकट शॉकप म्हणतात, त्याचे नाव मात्र फसवे आहे. धक्का तो खात नाही. धक्का स्प्रिंग खाते. पण एकदा दबलेली स्प्रिंग उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. माजघरातला झोपाळा थांबविण्यासाठी आपण जसे पाय जमिनीला घासतो, तसे शॉकप स्प्रिंगचे हे झुलणे तेलाच्या साहाय्याने थोपवितो आणि त्या शक्तीची उष्णता करून टाकतो.

उरले ते आर्म, बुश आणि बॉलजॉइंट. आर्म म्हणजे हाडे. बुश म्हणजे हाडांच्या टोकांना बसविलेली रबराची कूर्चा. आणि बॉलजॉइंट म्हणजे आपल्या खांद्यात असतो तसला उखळीचा सांधा: एका वाटीत बसविलेला पोलादी गोळा, भोवती ग्रीस, वर रबराची टोपी. चाक वर-खाली होते आणि शिवाय डावी-उजवीकडे वळते ते या सांध्याच्या जोरावर. जुन्या पद्धतीच्या काही गाड्यांत या जागी किंगपिन असे, आणि त्याला वेळोवेळी ग्रीस द्यावे लागे. नव्या सांध्यांना द्यावे लागत नाही. म्हणून त्यांच्याकडे कोणी बघतही नाही.

या विषयाकडे मी वळलो तो एका अनुभवामुळे, तो आधी सांगतो.

माझी मारुती ८०० २००८ सालची. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात प्रथम लोकांच्या हाती आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले, हे आपणांस ठाऊकच आहे. पंधरा वर्षे भरल्यावर २०२३ साली मी तिच्या नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले. त्याच वर्षी दिवाळीनंतर पिरंगुटचा घाट उतरताना डावीकडून ‘टक्’ असा आवाज येऊ लागला. शहरातल्या एका गॅरेजात गाडी नेली. त्यांनी एक फेरी मारली आणि “शॉकप गेले” असे सांगून पुढचे दोन्ही बदलले. आवाज तसाच. दुसऱ्या ठिकाणी गेलो. तेथे सबंध स्टीअरिंग रॅक बदलावा असा सल्ला मिळाला. तोवर माझ्या खिशाने कुरकुर सुरू केली होती. पुढच्या आठवड्यात घरची वडीलधारी मंडळी घेऊन ताम्हिणी उतरून माणगावकडे लग्नाला जायचे होते, म्हणून शेवटी पौडच्या अंगाला राहणाऱ्या एका वृद्ध मेस्त्रींना गाडी दाखविली. मी नेहमीप्रमाणे सांगू लागलो, “डावीकडून, पुढच्या चाकाच्या जरा मागे...” त्यांनी हात वर करून थांबविले.

“आवाज कुठनं येतो ते नका सांगू साहेब. कधी येतो तेवढं सांगा.”

मी विचारात पडलो. खरे म्हणजे हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. थोडे आठवून म्हणालो, “उतारावर. बहुधा ब्रेक लावला की.”

“आणि सोडला की पुन्हा एकदा?”

“हो, येतो खरा.”

ते गाडीखाली न जाताच म्हणाले, “मग शॉकपचा काय गुन्हा?”

या प्रश्नात निम्मे शास्त्र आले आहे. मोटारीचा सांगाडा हा पत्र्याचा पोकळ पेटारा आहे. त्यात आवाज कोठेही उठला तरी सर्वत्र घुमतो, आणि डावीकडचा आवाज उजवीकडे ऐकू येणे हे काही नवल नाही. म्हणून कानाने जागा शोधू गेले तर फसगत होते. प्रसंग मात्र खोटे बोलत नाही. आपले जुने वैद्य दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशा तीन परीक्षा सांगत. मोटारीच्या बाबतीत मी प्रश्नाला पहिले स्थान देईन.

माझ्या गाडीचे उदाहरण पाहा. मारुती ८०० च्या पुढच्या बाजूस चाकाचा खालचा आर्म आडवा आणि एकेरी असतो. चाकाला पुढे-मागे सरकू न देण्याचे काम स्टॅबिलायझर बार नावाचा वाकविलेला दांडा करतो. त्याचे टोक आर्ममध्ये रबरी बुश घालून बसविलेले असते. बुश झिजले की ब्रेक लावताच चाक थोडे मागे सरकते आणि ‘टक्’ वाजते. ब्रेक सोडला की ते पुढे येते आणि पुन्हा वाजते. शॉकप बिचारा उभा असतो, त्याचा या पुढे-मागे सरकण्याशी संबंध नाही. ही परीक्षा कोणासही करता येईल. मोकळ्या मैदानात सायकलच्या वेगाने गाडी पुढे न्यावी, ब्रेक लावावा. मग तशीच मागे न्यावी, ब्रेक लावावा. दोन्ही वेळा एकेक ठोका आला, तर संशय चाक पुढे-मागे धरणाऱ्या बुशांवर घ्यावा.

गतिरोधकांना आपण शिव्या देतो, पण निदानाच्या कामी त्यांच्यासारखे साधन नाही. गतिरोधकावरून सरळ, सावकाश गाडी नेली म्हणजे दोन्ही चाके एकदम वर उचलली जातात. अशा वेळी स्टॅबिलायझर बारला पीळ बसत नाही. तोच एका चाकाखाली खड्डा आला की बारला पीळ बसतो. म्हणून जो आवाज खड्ड्यात येतो पण गतिरोधकावर येत नाही, तो बहुधा या बारच्या बुशांचा किंवा त्याच्या जोडदांड्यांचा असतो. दोन्हीकडे येत असेल तर शॉकप, त्याच्या माथ्यावरची बैठक आणि आर्मची बुशे पाहावीत. गाडी जागच्या जागी उभी असताना स्टीअरिंग फिरविल्यावर स्प्रिंग ‘टंग’ करून सुटल्यासारखी वाजली, तर माथ्यावरचे बेअरिंग अडकले आहे असे समजावे. आणि ठोका नसून एकसारखी घरघर असेल, वेगाबरोबर वाढत असेल, तर तो चाकाच्या बेअरिंगचा आवाज. वळणावर गाडीचे वजन बाहेरच्या बाजूस जाते. म्हणून डाव्या वळणावर घरघर वाढली तर प्रथम उजवे बेअरिंग पाहावे.

मुळशीकरांना आणखी एक लक्षण सांगतो. काही गाड्या चैत्र-वैशाखात चरचरतात आणि आषाढात एकदम शहाण्या होतात. मालकाला वाटते गाडी बरी झाली. वस्तुतः कोरडे पडलेले, चिरलेले रबर पाण्याने ओले झाले, एवढेच. याचीच परीक्षा करायची तर उन्हाळ्यात पाण्याची बाटली घेऊन एकेका बुशावर पाणी ओतावे आणि एकाने गाडी दाबून पाहावी. ज्या बुशावर पाणी पडल्यावर चरचर थांबते ते दोषी. पाणीच वापरावे. पावसाळ्यापूर्वी गाडीच्या पोटावर डिझेल किंवा जुने ऑइल फवारून घेण्याची चाल आपल्याकडे आहे. पत्र्याला ते मानवत असेल. पण असल्या तेलाने नैसर्गिक रबर फुगते आणि मऊ पडते. गंज वाचविण्याच्या नादात आपण सांधे मारतो.

दर्शनपरीक्षेत पहिला साक्षीदार टायर. त्यावरून तळहात फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर चाकांची दिशा बिघडली आहे. एकच कड झिजली असेल तर चाक कलले आहे. वाट्यावाट्यांसारखे खळगे पडले असतील, तर चाक रस्त्यावर नाचते आहे, म्हणजे शॉकप थकले आहेत. शॉकपच्या अंगावर तेलाचा पुसट ओलावा चालतो. तेल ओघळून धूळ चिकटली असेल तर तो संपला. गाडीचा कोपरा दाबून सोडण्याची परीक्षा सर्वांना ठाऊक आहे. ती खोटी नाही, पण ढोबळ आहे. शॉकप पुरता मेला असेल तरच ती सांगते, अर्धमेला तीतून सहज सुटतो. स्प्रिंगचे बसणे डोळ्यांनी ठरवू नये. सपाट फरशीवर गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत टेप लावून मोजावे, आणि डावी-उजवी बाजू ताडून पाहावी. पाटे असतील तर गंजाची आडवी रेघ शोधावी. तेथेच चीर असते. पाट्यांच्या मधला बोल्ट तुटला तर सबंध आस एका बाजूने मागे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. मागून येणाऱ्याला हे आपल्या आधी दिसते.

आता पौडच्या अंगणात परत जाऊ, कारण खरी गोष्ट पुढेच आहे. मेस्त्रींनी बुशाचे निदान दहा मिनिटांत केले. शॉकपच्या जोडीच्या मानाने बुशांची किंमत किरकोळ होती. मी खूष होऊन निघण्याच्या बेतात होतो. पण ते म्हणाले, “आता वाजत नाही ते बघू.” त्यांनी मागच्या चाकांना दगड लावले, पुढची बाजू जॅकने उचलली आणि लोखंडी घोडीवर टेकविली. (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही, क्षणभरही जाऊ नये. या एका बाबतीत माझ्याशी वाद घालू नका.) चाक वरून आणि खालून धरून त्यांनी हलविले. किंचित ढिलाई लागली. मग मला आत बसून ब्रेक दाबायला सांगितले आणि पुन्हा हलविले. ढिलाई तशीच.

याचा अर्थ असा. ब्रेक दाबला की चाक आणि त्याला धरणारा पोलादी भाग एकजीव होतात. बेअरिंगची ढिलाई नाहीशी होते. ब्रेक दाबूनही ढिलाई राहिली, तर दोष बेअरिंगच्या पलीकडे, सांध्यात आहे. चाक डावी-उजवीकडून धरून हलविल्यावर ढिलाई लागली, तर बेअरिंगखेरीज टायरॉडच्या टोकावरही संशय घ्यावा. तेथे बोट ठेवून दुसऱ्याला चाक हलवायला सांगितले की बोटाला कळते. मेस्त्रींनी आर्म आणि चाकाचा भाग यांच्यामध्ये पहार घालून हलका जोर दिला, तशी बॉलजॉइंटची दांडी वाटीत स्पष्ट वर-खाली झाली. रबराची टोपी कधीचीच फाटली होती. टोपी फाटली की ग्रीस जाते आणि भातखाचरांतून रस्त्यावर आलेला बारीक चिखल आत शिरतो. उरलेल्या ग्रीसमध्ये तो मिसळला की घासून झिजविण्याचा उत्तम मसाला तयार होतो. असा सांधा एके दिवशी वाटीतून निसटतो. मग चाक आडवे पडते, गाडी त्या कोपऱ्यावर बसते, आणि स्टीअरिंग हातात असून नसल्यासारखे होते. पुष्कळदा हे हळू वेगात, वळताना घडते आणि माणूस वाचतो. ताम्हिणीच्या वळणावर घडले तर दरी किती हातांवर आहे, यावर सारे अवलंबून.

आणि श्रोतेहो, हा सांधा वाजत नव्हता. तीन आठवडे मी ज्या आवाजाच्या मागे धावलो, ज्यासाठी पैसे मोजले, तो आवाज त्रासदायक होता, पण त्या आवाजाने माझा जीव घेतला असता असे मला वाटत नाही. जीव घेणारा भाग शेजारीच, मुकाट्याने बसला होता. बैलगाडीवाला शेतकरी प्रवासाला निघण्यापूर्वी आसाच्या टोकाची खीळ हाताने चाचपून पाही. ती वाजते की नाही, याची वाट तो पाहत नसे. आपण मोटारवाले मात्र आवाज बंद झाला की गाडी बरी झाली असे मानतो, आणि रेडिओ मोठा केला की आवाज बंद होतोच. म्हणून ज्यांच्या गाडीने दहा वर्षे ओलांडली आहेत त्यांनी वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा दसऱ्याच्या सुमारास, काही वाजत नसतानाही बॉलजॉइंट, टायरॉडची टोके आणि त्यांच्या रबरी टोप्या पाहून घ्याव्यात. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालतोच. माळ घालण्यापूर्वी खाली वाकावे. नोंदणीच्या वेळची तपासणी त्या दिवसापुरती असते. टोपी दुसऱ्या दिवशीही फाटू शकते.

पद्मिनीच्या मालकांसाठी आणि तशा जुन्या रचनेच्या गाड्या बाळगणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. ज्या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असते, तिथे नुसता सांगाडा उचलून चाक लोंबते ठेवले तर स्प्रिंगच्या जोराने सांधा ताठ राहतो आणि झिजलेला असूनही घट्ट लागतो. अशा गाडीत जॅक खालच्या आर्मखाली, चाकाच्या जवळ लावावा. म्हणजे स्प्रिंग दबलेली राहते, सांधा मोकळा होतो आणि खरी ढिलाई हाताला लागते. मारुतीसारख्या गाडीत वजन शॉकपच्या खांबातून थेट वर जाते, खालच्या सांध्यावर स्प्रिंगचा दाब नसतो. तिथे चाक लोंबते ठेवून पाहिलेले चालते. गाडीची रचना न पाहता केलेली परीक्षा म्हणजे नाडी समजून मनगटावरचे घड्याळ धरण्यासारखे आहे.

दुरुस्तीविषयी फार सांगत नाही, तो मेस्त्रींचा प्रांत आहे. शॉकप आणि स्प्रिंगा जोडीनेच बदलाव्यात, नाही तर गाडी एका पायाने लंगडते. रबरी बुशांचा बोल्ट मात्र गाडी हवेत असताना शेवटचा आवळू देऊ नये. चाक लोंबत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवे बुश लवकर फाटते. चाके जमिनीवर टेकवून, गाडीचे वजन त्यांवर आल्यावर, मग आवळावे. पुष्कळ ठिकाणी घाईने हे होत नाही, आणि दोष बुश बनविणाऱ्याला मिळतो. काम झाल्यावर चाकांची दिशा तपासून घ्यावी.

आमचे लग्न पार पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मेस्त्रींनी नवा आर्म बसविला, आणि आम्ही ताम्हिणी उतरून वेळेवर मांडवात पोहोचलो. वाटेत मागच्या आसनावर आमच्या आत्याबाई स्वस्थ झोपल्या होत्या. तो जुना आर्म मी टाकून दिला नाही. आज सोबत आणला आहे, या टेबलाखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी व्याख्यानानंतर पुढे यावे आणि सांधा हातात धरून हलवून पाहावा. एका बाजूस नवा सांधाही ठेवला आहे, म्हणजे फरक बोटांना कळेल. मात्र हात पुसायला फडके एकच आहे, तेवढे सांभाळून घ्यावे.